बशी उलटी करून पाहा

मागच्या महिन्यात याच पानावर मी जुन्या कपबश्या जमवण्याविषयी लिहिलं तेव्हा वाटलं होतं, चार-पाच पत्रं येतील. आली एकोणचाळीस. बहुतेकांचे प्रश्न दोनच : ‘हे किती जुनं असेल?’ आणि ‘किती पैसे येतील?’ पहिल्याचं उत्तर मला पुष्कळदा देता येतं. दुसऱ्याच्या वाटेला मी फारशी जात नाही, कारण गेली एकेचाळीस वर्षं मी जमवतेच आहे, विकलेलं काही नाही. निवडक पत्रं इथे घेतली आहेत. लांबलेली थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला. दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. सासूबाईंच्या फडताळात चिनी मातीच्या तेवीस बश्या, अकरा कप, एक मोठी किटली आणि झाकण नसलेली साखरदाणी निघाली. भंगारवाला हात लावत नाही, घरातले म्हणतात टाकून द्या. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, हल्ली फारसं बोलत नाहीत. काय करू? — एक वाचक, कोथरूड

टाकू नका, आणि घाईघाईने धुऊही नका. जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेल पसरा, एकेक बशी उपडी ठेवा आणि बुडाला काय उमटलंय ते वाचा. भिंग नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर बशी साधारण १८९१ नंतरची धरावी. त्या सुमारास अमेरिकेने कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. मग कारखान्यांनी सगळ्याच मालावर ते छापायला सुरुवात केली, आणि तसाच माल आपल्याकडेही उतरला. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण असेल तर बहुधा पहिल्या महायुद्धानंतरची. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर १८९१ ते १९२१ मधली, ‘जपान’ असेल तर त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर तो देश दोस्तांच्या ताब्यात होता त्या मोजक्या वर्षांतली, म्हणजे १९५२ च्या आतली. पतंगाच्या आकाराची चौकट आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे दिसले, तर ती इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळातल्या नक्षीच्या नोंदणीची खूण. १८८४ पासून पतंग गेला आणि त्याजागी ‘आर डी नंबर’ असा साधा क्रमांक आला. एक लक्षात ठेवा, ती नोंद नक्षीची असते, तुमच्या हातातल्या बशीची नव्हे. नक्षी लोकांना आवडली की तीच पुढे वीस-वीस वर्षं निघत राहायची. आणि बुडाला काहीच नसलं तर निराश होऊ नका, जुन्या कितीतरी चांगल्या भांड्यांवर शिक्काच नसतो.

हे झालं कारखान्याचं. आता खरं काम. एक कप सासूबाईंच्या हातात द्या. काही विचारू नका, फक्त द्या आणि शेजारी बसा. माझी आत्या एक्याण्णव वर्षांची होती, नातवंडांची नावं विसरायची. तिच्या मांडीवर मी निळ्या फुलांची किटली ठेवली. तिने हात फिरवला, तोटीला बोट लावलं आणि म्हणाली, “ही दिवाणखान्यातली. माजघरात आणायची नाही.” मग पाऊण तास बोलत होती. चिनी मातीला विटाळ लागतो, ती तांब्या-पितळेसारखी घासून शुद्ध होत नाही, म्हणून कपबश्यांचं कपाट बाहेरच्या खोलीत. आलेल्या पाहुण्याला चहा त्यात, घरच्या बायकांना मात्र पितळी पेल्यात. ज्या गावात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, त्या गावातल्या घरांत कपबशी कोणत्या वाटेने आत आली, हे त्या एका वाक्यात मला कळलं. कुठल्याही शिक्क्यावरून ते कळलं नसतं.

जे ऐकाल ते वहीत लिहा आणि त्या-त्या भांड्यात चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी सेलोटेपने चिकटवू नका. टेप निघताना सोनेरी काठ घेऊन येतो.

हलवताना बश्या एकावर एक न रचता खोक्यात उभ्या लावा, पुस्तकं लावतो तशा. वर्तमानपत्राची शाई बसते, म्हणून आधी कोरा कागद गुंडाळा, वरून हवं तर वर्तमानपत्र. कप एकात एक घालू नका, आणि कान धरून उचलूही नका. जुन्या कपाचा कान कधी निसटेल सांगता येत नाही.

पैशांचं थोडक्यात : झाकण नसलेल्या, मोडक्या सेटला बाजारात फार येत नाहीत. नव्या घरात चार बश्यांपुरती भिंतीतली फळी मागून घ्या. बिल्डर देतात.

प्रश्न : मी आयटीत नोकरी करतो, वय ३१. जुन्या बाजारात दोनदा जाऊन आलो, पण काही घ्यायचा धीर झाला नाही. फसवणूक कशी ओळखायची? — एक वाचक, बाणेर

धीर झाला नाही ते बरं झालं. पहिल्या दोन-तीन खेपा नुसतं बघण्यातच जायला हव्यात. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी असते, म्हणून मी बुधवारी जाते, ऊन चढायच्या आत.

वस्तू आवडली की आधी कानाने बघा. बशी तळहाताच्या मध्यावर, बोटांचा स्पर्श काठाला होऊ न देता धरायची आणि नखाने काठाजवळ हलकी टिचकी मारायची. धड असेल तर आवाज थोडा लांबतो. तडा असेल तर बद्द वाजते. साध्या मातीच्या जाड भांड्याचा आवाज मुळातच कमी असतो, तेव्हा त्याला ही कसोटी लावू नका. मग डोळे मिटून अंगठा काठावरून पूर्ण फिरवा. डोळ्यांना न दिसलेला टवका अंगठ्याला कळतो. मग उजेडासमोर धरून मागून बोटं हलवा. बोन चायना असेल तर बोटांच्या सावल्या दिसतील. बोन चायना म्हणजे नावाप्रमाणेच हाडांची राख घातलेली माती, जवळजवळ निम्मी राख. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोड कारखान्याने ती घडी बसवली. तिचा पांढरा रंग दुधावरच्या सायीकडे झुकतो.

नोटा तपासायचा निळा-जांभळा टॉर्च मिळतो, तो खिशात ठेवा. नंतर लावलेला गोंद आणि नंतर मारलेला रंग त्या उजेडात मूळ झिलईपेक्षा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरापेक्षा, वेगळा चमकतो. दुकानाच्या सावलीत ह्याचा चांगला उपयोग होतो.

शिक्क्यावर मात्र एकट्यावर विश्वास टाकू नका. चिनी भांड्यांच्या बुडाला बादशहाच्या कारकिर्दीची सहा अक्षरं असतात, पण तिथले कारागीर शेकडो वर्षं मागच्या बादशहाची अक्षरं घालत आले आहेत, कधी आदराने, कधी गिऱ्हाइकासाठी. जर्मनीतल्या मायसेन कारखान्याच्या शिक्क्याची, दोन तलवारींची, नक्कल तर युरोपभर झाली. मी १९९४ मध्ये कॅम्पातल्या एका दुकानातून अठराशे रुपयांना दोन तलवारींचं चिन्ह असलेली मेंढपाळ मुलीची बाहुली घेतली. तेव्हा तो माझा जवळजवळ अर्धा पगार होता. घरी आणून बुडावरून नख फिरवलं तर तलवारी नखाला लागल्या. मायसेनच्या निळ्या तलवारी झिलईच्या खाली असतात, नखाला लागत नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून बुडावरून नख फिरवल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही, आणि तुम्हीही उघडू नका.

भाव करताना वस्तूला नावं ठेवू नका. विकणाऱ्याला तिची पारख नसली तरी तुमच्या डोळ्यांतला भाव त्याला वाचता येतो. सरळ सांगा, आवडली आहे, माझ्याकडे इतकेच आहेत. आणि विचारा, कुठून आली. ‘कसब्यातला वाडा मोडला त्यातली’ एवढं जरी कळलं तरी वहीत लिहायला एक ओळ झाली.

प्रश्न : आमच्याकडे आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग आहे, त्यावर १२ मे १९३७ ही तारीख आहे. त्याचा राज्याभिषेक तर झालाच नाही! म्हणजे मग फार दुर्मीळ असणार ना? — एक वाचक, सहकारनगर

दुर्दैवाने नाही. एडवर्ड जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला आणि डिसेंबरमध्ये त्याने ती सोडली. मधल्या अकरा महिन्यांत कारखान्यांनी पुढच्या वर्षीच्या सोहळ्यासाठी भराभर मग काढून ठेवले होते, ते विकलेही गेले. त्याच तारखेला त्याच्या धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. न झालेल्या प्रसंगाची भांडी थोडीच असतील असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती पुष्कळ आहेत. सहाव्या जॉर्जचाही मग मिळाला तर शेजारी ठेवा. एकच तारीख आणि दोन राजे, ही जोडी बघायला मला स्वतःला फार आवडते.

प्रश्न : पणजोबा लष्कर भागात कारकून होते. त्यांच्या वेळची निळी-पांढरी ताटली आहे. पूल, झाडं, चिनी घरं, वर दोन पक्षी. ही चीनमधली असेल ना? नक्षी काठावर एका जागी जुळत नाही, ते व्यंग आहे का? — एक वाचक, औंध

तुमच्या पत्रासोबतचा फोटो मी दिव्याखाली बराच वेळ बघितला. ही विलो नक्षी. पुलावर तीन माणसं, खाली नाव, पुढे नागमोडी कुंपण, उजवीकडे फळांनी लगडलेलं झाड, मध्ये पाण्यावर वाकलेला वाळुंज, आणि आकाशात चोचीला चोच भिडवलेली दोन पाखरं. सगळं चिनी दिसतं खरं, पण ही नक्षी जुळवली इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकाच्या शेवटी, चिनी भांड्यांवरची चित्रं बघून. श्रीमंत बापाची मुलगी, तिचा गरीब प्रियकर, दोघांचं पळून जाणं आणि मग पाखरं होणं, ही जी गोष्ट सांगतात तीही इंग्रजांनी नंतर रचली, नक्षी खपावी म्हणून. चीनमध्ये ती कोणाला ठाऊक नव्हती.

आता ती न जुळलेली जागा. तिच्यावर बोट ठेवा. तुमच्या ताटलीत ती घड्याळातल्या पाचाच्या जागी आहे. ही नक्षी कोणी कुंचल्याने काढलेली नाही. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरायची, रेघांत तेलात कालवलेला निळा रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो ओला कागद कात्रीने कापून एकदा भाजलेल्या ताटलीवर चिकटवायचा आणि घासून रंग उतरवायचा. कागद पाण्यात सुटून जायचा, रंग राहायचा. वर झिलई देऊन पुन्हा भट्टी. काठाची पट्टी गोलाकार चिकटवताना दोन टोकं जिथे भेटतात तिथे फुलाची पाकळी अर्धी राहते. हे काम पुष्कळदा बायका आणि लहान मुली करत. ही अर्धी पाकळी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातची आहे, आणि ताटलीतली मला ती सगळ्यांत मोलाची जागा वाटते. व्यंग म्हणू नका.

निळाच रंग का, असंही तुम्ही विचारलंय. झिलईखालच्या भट्टीच्या आचेत त्या काळी टिकणारे रंग थोडे होते, आणि कोबाल्टचा निळा त्यांत सगळ्यांत भरवशाचा.

प्रश्न : आजीच्या वेळची हिरव्या झिलईची बरणी सापडली आहे. आतून बारीक चिरा आहेत. यंदा कैरीचं लोणचं तिच्यात घालायची हौस आहे. घालू का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

नको. हौस मला कळते, पण ह्या बाबतीत मी कोणालाही सूट देत नाही. जुन्या रंगीत झिलईत शिसं असण्याची शक्यता असते, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. कैरी, लिंबू, चिंच, ताक, सगळंच आलं. शिसं चवीला कळत नाही, शरीरात साठत जातं, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सगळ्यांत जास्त. त्यात चिरा असल्या की तेल-मीठ आत मुरतं, ते मग कितीही धुतलं तरी निघत नाही.

आपल्या नेहमीच्या वर तपकिरी, खाली पांढऱ्या बरण्या वेगळ्या. त्या दगडासारख्या कडक भाजलेल्या असतात, त्यांच्याबाबत ही भीती बरीच कमी. आतून धड, गुळगुळीत असतील तर खुशाल वापरा. हिरवी बरणी मात्र तोंडाला आजीच्या वेळचा दादरा बांधून फळीवर ठेवा. तिच्यावर दादराच शोभेल, प्लॅस्टिकचं झाकण घालू नका.

ह्याच धर्तीवर तीन जणांनी विचारलंय की सोनेरी काठाचे कप मायक्रोवेव्हमध्ये चालतात का. सोनं धातू आहे, ठिणग्या उडतात. भांडी धुण्याच्या मशिनमध्येही नको, काठ दोन वर्षांत पुसट होतो.

प्रश्न : एका बशीला पिवळट-तपकिरी डाग पडलेत, जाळीसारखे. ब्लीचमध्ये टाकू का? शिवाय एक कप फुटला आहे, तो जोडून घ्यावा का? — एक वाचक, कर्वेनगर

ब्लीच अजिबात नको. ती जाळी म्हणजे झिलईतल्या बारीक चिरा. माती आणि झिलई थंड होताना सारख्या आकसत नाहीत, किंवा माती पुढे वर्षानुवर्षं ओल पिऊन किंचित फुगते, आणि वरची झिलई तडकते. त्यातून चहा-तेल आत जातं. ब्लीचचा क्षार आत जाऊन बसला की वाळताना त्याचे खडे धरतात आणि झिलईचे पापुद्रे उचलतात. त्याऐवजी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, कापूस भिजवून डागावर ठेवा, वरून प्लॅस्टिक झाका, रोज कापूस बदला. आठवडा लागेल, कधी तीन लागतील. सोनेरी किंवा वरून रंगवलेल्या भागावर लावू नका, हातमोजे घाला. झाल्यावर साध्या पाण्यात दोन दिवस ठेवून सावलीत वाळवा.

पण आधी विचारा, डाग कशाचा आहे. आमचं घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पाणी उतरल्यावर आजी पदर खोचून चिखल उपसायला गेली आणि तिसऱ्या दिवशी ओच्यात एक बशी घेऊन आली. फडताळातलं तेवढंच उरलं होतं. फिकट गुलाबी काठाची, मध्ये काही नक्षी नाही. तिच्या झिलईतल्या चिरांत तो गाळ गेला तो आजही आहे, हातावरच्या शिरांसारखा, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. ज्या बाजूवर ती चिखलात पडली असेल ती बाजू दाट. माझा संग्रह त्या बशीपासून सुरू झाला. पेरॉक्साइडची बाटली माझ्या कपाटात कायम असते, पण त्या बशीला मी ती कधी लावली नाही.

कपाचं सांगते. एपॉक्सीने जोडता येतो, पण जोडलेल्या कपात चहा पिऊ नका, उष्णतेने सांधा सैल होतो. तुकडे आधी कोरडे जुळवून बघा, क्रम कागदावर काढा, मगच गोंद लावा. तुकडे एकमेकांवर घासू नका, कडा झिजल्या की सांधा मिटत नाही. पूर्वी फुटक्या ताटल्यांना दोन्ही बाजूंनी बारीक भोकं पाडून धातूचे टाके घालत. असे टाके असलेली ताटली बाजारात दिसली तर पुढे जाऊ नका, हातात घ्या. माझ्याकडच्या एकीला मागून सात टाके आहेत आणि पाणी अजून गळत नाही. नवी घेणं परवडत असूनही कोणीतरी हीच हवी म्हटलं असेल, किंवा परवडतच नसेल. दोन्हींपैकी काहीही असो, टाके काढून गोंद लावायचं पाप करू नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. देवघरातल्या जुन्या पितळी मूर्ती आणि हस्तिदंती मुठीची सुरी त्याच्याबरोबर पाठवायची आहे. चालेल ना? — एक वाचक, एरंडवणे

आधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. ती घरात ठेवायला हरकत नाही, पण मूर्तींसारख्या वस्तूंची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तेवढ्या जुन्या नसतील तर तसं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून घ्या, ते सामानात वर ठेवा. हस्तिदंताचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा सुरी घरातच राहू द्या. विमानतळावर मुलाला अडवलं तर मूर्तीही जाईल आणि मुलाचा जीवही टांगणीला लागेल.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला जुन्या वस्तू जमवायच्या आहेत पण महिन्याला पाचशेच रुपये मिळतात. आई म्हणते घरात कचरा नको. — एक वाचक, धनकवडी

पाचशे पुष्कळ झाले. मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे महिन्याला पंधरा रुपये असत. एकट्या बश्यांपासून सुरू कर. कप फुटतो, बशी उरते, म्हणून त्या स्वस्त मिळतात आणि जागाही कमी लागते. एका वर्षात बारा घ्यायच्या, त्याहून जास्त नाही. प्रत्येकीमागे वहीचं एक पान : कुठून, कितीला, बुडाला काय, कोणी काय सांगितलं. आईला ती वही दाखव. कचऱ्याची कोणी वही ठेवत नाही, हे त्यांना आपोआप पटेल.

आणि एका शनिवारी शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं सरकारला देऊन टाकलं. तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारी शोधत बसू नकोस. अडकित्ते बघ, दौती बघ, पाय घासायच्या वज्री बघ. रोज हातात असलेल्या वस्तूवर माणसाने केवढा जीव लावलाय ते बघ. दोन-तीन वस्तूंची पेन्सिलने चित्रं काढ. फोटोत हात शिकत नाही.

आणखी एक : सगळं विलायतेचंच हवं असं धरून बसू नकोस. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांच्या कारखान्यात प्रभाकर कंदील व्हायचा, तो महाराष्ट्रातल्या घराघरात होता. तुझ्या आजोळी माळ्यावर एखादा असेल. आजोळी जाशील तेव्हा आधी तो शोध, आणि काच पुसताना आजीला जवळ बोलाव.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या माहेरून १९६८ साली लग्नात चहाचा सेट आला होता. सहा कप होते, सहाच्या सहा शाबूत आहेत, बश्या मात्र पाचच. सहावी माझ्या हातून फुटली, १९८२ मध्ये. ती कधी काही बोलली नाही. आता ती नाही. सहावी बशी मिळाली तर बरं वाटेल. — एक वाचक, वय ८१, प्रभात रस्ता

आजोबा, तुमची पाठवलेली बशी मी दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतली आणि परवा परत पाठवली, पोचली असेल. बुडाला कोलकात्याच्या बेंगाल पॉटरीजचा शिक्का आहे. मोडक्या-तोडक्या सेटांत आपल्याकडे तो माल अजून दिसतो, तेव्हा आशा सोडू नका. जुन्या बाजारातल्या माझ्या ओळखीच्या दोघांना मी सांगून ठेवलंय, त्यांना फोटोही दिलाय. शिवाय इथेही वर्णन देते.

रंग फिकट पिवळा, साजूक तुपासारखा. काठाला तपकिरी रेघ, एकच, बारीक. मध्ये कप बसण्याचा खळगा उथळ, बशीची रुंदी साडेचौदा सेंटिमीटर. नक्षी काही नाही. बुडाचा शिक्का हिरवा, थोडा तिरका. ज्यांच्या घरी अशी बशी कपाशिवाय पडून असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. टवका असला तरी चालेल, आजोबांनी पत्रात तसं मुद्दाम लिहिलं आहे.